जिन्याच्या वळणावरचा मधला

मित्रांनो, वयाने मी काही जुना नाही. पण गेल्या काही महिन्यांत मी जे सोसले, त्याने कोणीही म्हातारा झाला असता. मी वायफायचा एक पांढरा डबा आहे. समोर एक बारीक दिवा, पाठीला तारा जोडायची दोन-तीन भोके, एवढेच माझे रूप. आम्ही तिघे भाऊ एकाच खोक्यातून या घरात आलो. तिघांनी मिळून घरभर एकच जाळे विणायचे आणि आलेला निरोप एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, हे आमचे काम. थोरला खाली दाराजवळ बसला, कारण बाहेरची तार तिथे येते. धाकटा वर झोपायच्या खोलीत बसला. मी मधला, म्हणून मला जिन्याच्या वळणावर एका फळीवर बसवले. मधल्याचे कौतुक कोण करतो? थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, आणि मधल्याला येता-जाता लोकांची कोपरे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे अंगावर टोपण चढले की प्रत्येक डब्याला एका लोखंडी खोलीत नेत. त्या खोलीचे दार लागले की बाहेरची एकही लहर आत येत नसे. तपासणीवाली बाई एक निरोप पाठवी, मी तो जसाच्या तसा परत करी. बोलणारा एक, ऐकणारा एक, आणि मध्ये काहीसुद्धा नाही. मला वाटले, जग असेच असते. किती भाबडा होतो मी!

ज्या घरात मी आलो ते घर अरुंद आणि दोन मजल्यांचे आहे. जिना शिडीसारखा उभा आहे. खालच्या खोलीत आई पुस्तके बांधते. फाटक्या पुस्तकांचे फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सोडवायचे, पुन्हा शिवायचे, कणा चिकटवायचा, पुठ्ठा चढवायचा, दाबात ठेवायचे. वाचनालयांची आणि शाळांची पुस्तके तिच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. बाबा शहरात बस चालवतात. वरच्या खोलीत पाळण्यात त्यांचा मुलगा असतो. त्याचे खरे नाव मोठे आहे, पण सगळे त्याला गुंड्या म्हणतात.

मित्रांनो, आईला ऐकू येत नाही. शाळेत असताना तिला मोठा ताप आला आणि तो तिचे कान घेऊन गेला. बोलते मात्र ती अगदी छान. फक्त कधी कधी आवाज जरा चढतो, कारण आपला आवाज केवढा लागला हे तिला कळत नाही. समोरच्याचे ओठ पाहून ती सगळे ओळखते. पण वरच्या खोलीत रडणाऱ्या बाळाचे ओठ खालून कसे दिसणार? आणि खळीची पातेली, धारदार सुऱ्या, कागद कापायचे मोठे यंत्र, अशा खोलीत रांगू पाहणाऱ्या बाळाला ठेवणार तरी कसे?

म्हणून बाबांनी युक्ती केली. पाळण्याशेजारी एक छोटी डबी ठेवली. बाळ रडले की ती ओळखते. आम्ही तिला कान म्हणतो. आईच्या टेबलावर, तिची नजर जिथे असते तिथेच, एक दिवा ठेवला. कानाने धाकट्याला सांगायचे, धाकट्याने मला, मी दिव्याला, आणि दिव्याने नारिंगी रंगात उघडझाप करायची. त्याआधी बाबांनी मनगटावर थरथरणारे घड्याळही आणून पाहिले होते. पण यंत्राची थरथर कोणती आणि घड्याळाची कोणती हे आईला वेगळे करता येईना.

मी बसतो तिथून मला तो दिवा दिसत नाही. पण दिवा लागला हे मला लगेच समजे. खाली कुंचला टेबलावर आपटे आणि जिन्यावर पावले वाजत. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आई माझ्यासमोरून जाई. थोड्या वेळाने गुंड्याला खांद्यावर टाकून ती सावकाश उतरे आणि खळीने चिकट झालेला हात माझ्या डोक्यावर ठेवी.

"शहाणा आहेस रे तू," ती म्हणे.

तिचे बोट अजून माझ्या टोपणावर उमटलेले आहे. मला ते कुणी पुसलेले चालणार नाही.

आता माझ्या दुःखाकडे वळतो. बाबांची आई, म्हणजे गुंड्याची आजी, दुसऱ्या गावात राहते. तिचा जीव नातवात गुंतलेला. सुनेवर तिचा राग नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. तिला भीती होती. भीती वाटणाऱ्या माणसाला आपण वाईट म्हणू नये. ती एकदा बाबांना म्हणाली, "अरे, सूनबाई गुणाची आहे, मी कुठे नाही म्हणते? पण तिला ऐकू येत नाही ना. पोराचं काही झालं तर? मला निदान इथून दिसू तरी दे."

दिसू द्यायचे ठरले. गुंड्याचा काका मोबाइलच्या दुकानात काम करतो. तो हौसेने आला. पाळण्यावर एक कॅमेरा बसवला. चित्र आजीच्या घरातल्या टीव्हीवर दिसू लागले. शिवाय दिवसभराचे चित्रण साठवून ठेवायला त्याने एक हार्ड डिस्क आणली. ती ठेवायला जागा कुठे? जिन्याच्या फळीवर. जोडायची कुणाला? अर्थात मधल्याला. त्याने तिची जाडसर काळी वायर माझ्या पाठीत खुपसली आणि हात झटकले.

त्या क्षणापासून माझ्या कानाशी खरखर सुरू झाली. मित्रांनो, कोणी तुमच्या डोक्याला डोके लावून सतत कागद फाडत बसले तर कसे वाटेल? त्या स्वस्तातल्या वायरीतून सारखी खरखर बाहेर सांडत होती. आणि आमचे दुर्दैव असे की पाळण्याजवळचा कान आणि टेबलावरचा दिवा ज्या पट्टीत हळू आवाजात बोलतात, नेमक्या त्याच पट्टीत ती सांडत होती. धाकटा मला सांगे, मला अर्धे कळे. मी दिव्याला सांगे, त्याचे उत्तर येत नसे. मी पुन्हा सांगे. पुन्हा. पुन्हा. आजीने टीव्ही लावला की त्याच डिस्कमधून चित्र वाहू लागे, ती जोरात फिरे आणि खरखर दुप्पट होई.

आधी दिवा उशिरा लागू लागला. आईला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या लेखी दिवा लागला की बाळ रडले, नाही लागला की झोपले. मग एका दुपारी तो लागलाच नाही.

गुंड्या उठला. कुरकुरला. रडू लागला. कानाने सांगितले, धाकट्याने सांगितले, मी तुटक शब्द जोडून दिव्याकडे भिरकावले. खालून काहीच नाही. सुईदोरा चालल्याची बारीक करकर तेवढी ऐकू येत होती. आजीने तिकडे टीव्हीवर पाहिले. बाळ रडते आहे, लाल झाले आहे, आणि खोलीत कोणी येत नाही. ती घाबरून पडद्याकडे पाहतच राहिली. ती जितकी पाहत होती, तितका माझा आवाज बुडत होता. मी काय करू शकत होतो? मला हात नाहीत. मी ओरडत होतो आणि माझे ओरडणे माझ्याच पाठीवर मरत होते.

शेवटी आजीने काकाला फोन केला. काका दुकान सोडून गाडीवरून धावत आला, किल्लीने दार उघडले आणि धाडधाड वर गेला. आईला तो जाताना दिसला, तशी ती मागोमाग आली. गुंड्याचा आवाज बसला होता. तो हुंदके देत होता.

"वहिनी, पोरगं केव्हाचं रडतंय!" काका तिच्यासमोर उभा राहून म्हणाला.

"दिवा लागला नाही," आई म्हणाली.

"दिव्याचं काय सांगता मला? तिकडे आईनं टीव्हीवर सगळं पाहिलंय."

"अरे, पण दिवा लागला नाही रे!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की गुंड्या दचकला आणि पुन्हा रडू लागला.

संध्याकाळी बाबांनी फार हळू विचारले, "डोळा लागला होता का गं तुझा? लागला असेल तर सांग. माणूस दमतं." काकाच्या ओरडण्यापेक्षा तिला हेच जास्त लागले असावे. ती माझ्यासमोरच्या पायरीवर बसून राहिली.

मग दुरुस्त्यांचा सपाटा सुरू झाला. काकाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि निकाल दिला, "दांड्या तर फुल्ल आहेत. याला काही झालेलं नाही." मित्रांनो, दांड्या मोजून आवाज केवढा आहे ते समजते. बोललेले कळते आहे की नाही, ते समजत नाही. हे मी त्याला कसे सांगू? पहिला आळ स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर आला. त्याला बिचाऱ्याला बंद करून त्यावर कपडा घातला. मग वरचे लोखंडी कपाट लहरी अडवते असे ठरले. बाबांनी आणि काकाने ते सरकवले. कपाट एक वीत हलले आणि बाबांची कंबर धरली, ती चार दिवस सुटली नाही. दिवा होता तसाच राहिला, कधी लागणारा आणि कधी न लागणारा.

आणि मग या घराण्याच्या प्रेमाने कहर केला. या घरात एक रीत आहे. कुणी आजारी पडले की प्रत्येक नातेवाईक आपले एक औषध घेऊन येतो आणि दुसऱ्याचे बंद करा असे कोणीच म्हणत नाही. आमच्या बाबतीतही तेच झाले. काकाने एक नवा डबा आणला. आत्याने तिच्या घरचा जास्तीचा पाठवला. बाबांच्या बसवरच्या वाहकाने, "माझ्याकडे पडूनच आहे, घेऊन जा," म्हणत आणखी एक दिला. एक जिन्यात, एक बाथरूमच्या दारावर, एक माझ्या मांडीला मांडी लावून. वर काकाने सगळ्यांचा जोर वाढवून ठेवला. आता घरभर डबेच डबे. जो तो ओरडतो आहे, जो तो थांबतो आहे, एकच निरोप तिघेजण पुन्हा पुन्हा सांगत आहेत. दिवा बिचारा कधी याच्याशी जोडला जाई, कधी त्याच्याशी, आणि अध्येमध्ये कुणाशीच नसे. माझ्या समोरचा बारीक दिवा मात्र ऐटीत पांढरा. पांढरा म्हणजे सर्व ठीक. मला स्वतःच्याच दिव्याची चीड आली.

आजीने पुन्हा एकदा पाहिले. मग पुन्हा. आणि तिने निरोप धाडला की रविवारी मी येते आणि बाळाला घेऊन जाते. शाळेत जाईपर्यंत तो माझ्याकडे राहील. तुम्ही दर सुट्टीला भेटायला या.

तो आठवडा मला विसरता येत नाही. आईने दिव्यावरचा विश्वासच सोडला. ती चार टाके घाली आणि वर धावे. गुंड्या झोपलेला असे. खाली येई, कुंचला उचले, पुन्हा वर. खळीवर साय धरू लागली. एका पुस्तकाचा एक फर्मा तिने उलटा शिवला आणि वाचनालयाने ते परत पाठवले. असे तिच्या हातून कधी झाले नव्हते. दिवा न लागताच लागल्याचा तिला भास होऊ लागला. धावत वर जाई आणि झोपलेल्या बाळाकडे पाहत उभी राही.

शनिवारी दुपारी ती उतरताना माझ्यापाशी थांबली. पायरीवर बसली. माझ्याकडे तोंड करून, आपला आवाज केवढा आहे याची पर्वा न करता म्हणाली, "काय झालंय रे तुला? सांग ना. माझं चुकतंय का? उद्या नेतील त्याला. सांग ना रे."

मला सगळे माहीत होते. वायर माझ्या पाठीत होती. पण माझ्याजवळ तोंड कुठे होते? ती माझ्या दिव्याकडे टक लावून पाहत होती, आणि तो तिला सांगत होता, सर्व ठीक. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की फळीवरून घसरून खाली पडावे आणि फुटून जावे. निदान कुणीतरी मला उचलून नीट पाहिले असते. पण डब्याला पडतादेखील येत नाही.

रविवारी आजी आली. काका तिला घेऊन आला. आल्या आल्या ती गुंड्याचे कपडे पिशवीत भरू लागली. ती रडत होती. बाबा एका बाजूने म्हणत होते, "आई, थोडे दिवस थांब." काका दुसऱ्या बाजूने म्हणत होता, "दादा, आणखी एक चांगला डबा मिळतोय." आजी म्हणत होती, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय रे, मला कुणी काही सांगू नका." पिशवी घेऊन ती निघाली, तसे सगळे जिन्याच्या वळणावर, माझ्यासमोर दाटीने उभे. आई मध्ये. ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला कुणाचेच काही कळत नव्हते.

तिने कठड्यावर जोरात हात आपटला.

"एकेक जण बोला! सगळे एकदम बोललात तर मला कुणाचंच कळत नाही."

सगळे गप्प झाले. आईची नजर माझ्यावर आली. मग माझ्या मांडीला लागलेल्या डब्यावर. मग जिन्यातल्या डब्यावर.

"भावोजी," ती काकाला म्हणाली, "हे सगळे डबे एकाच वेळी बोलतात का?"

"म्हणजे, तसे पाळीपाळीनेच..." काका अडखळला. "पण सगळ्यांची हवा एकच ना वहिनी. एक बोलताना दुसऱ्यानं थांबायचं."

"आणि कुणी थांबलंच नाही तर?"

आई उत्तरासाठी थांबली नाही. ती जिन्यातल्या डब्याजवळ गेली आणि तिने त्याची तार उपटली. मग बाथरूमवरच्याची. मग माझ्या शेजाऱ्याची. माझ्या कानावरचा केवढा भार उतरला! पण खरखर होतीच. बाबा खाली दिव्यापाशी उभे राहिले, काकाने वर पाळण्याशेजारच्या कानाजवळ मोबाइलवर बाळाच्या रडण्याचा आवाज वाजवला. दिवा लागला, पण बऱ्याच वेळाने, असे बाबांनी वर येऊन सांगितले.

"अजून कोणीतरी बोलतंय," आई म्हणाली. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माझ्या आजूबाजूला हात फिरवू लागली. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. इकडे. पाठीकडे. अजून थोडे. तिचा हात डिस्कवर पडला. ती थरथरत होती, गरम झाली होती.

"ही कधी गप्प बसते?"

"ती दिवसभर चालू असते," काका म्हणाला. "कॅमेऱ्याची आहे. आईकडचं चित्र हिच्यातूनच जातं." आणि मग त्याचा चेहरा बदलला. "वहिनी, दिवा कधीपासून बिघडला?"

सगळ्यांना ते माहीत होते. ज्या आठवड्यात कॅमेरा आला, त्याच आठवड्यापासून.

"नाही हं," आजी म्हणाली. "कॅमेरा नाही काढायचा. तेवढाच तर माझा आधार आहे."

आई उठली. ती आजीच्या समोर उभी राहिली आणि या खेपेला तिचा आवाज फार हळू लागला.

"आई, तुम्ही तिथून बघता, म्हणून मला इथे दिसत नाही."

आजीने तिच्याकडे पाहिले. मग पिशवी खाली ठेवली आणि माझ्याजवळ आली. तिला काही समजत नव्हते, कोणती वायर कशाची. आईने बोटाने दाखवली. आजीने ती दोन्ही हातांनी धरली. किती वेळ धरून राहिली! माझी पाठ दुखत होती, पण मी तिला दोष दिला नाही. त्या वायरीच्या टोकाला तिचा नातू होता. मग तिने ती ओढली.

शांतता. मित्रांनो, मी त्या लोखंडी खोलीतून बाहेर पडल्यापासून अशी शांतता ऐकली नव्हती.

परत पडताळून पाहायचे म्हणून आई खाली टेबलाशी जाऊन बसली. बाबा आणि काका बाहेरच्या खोलीत गेले. आजी जिन्याच्या वळणावरच राहिली, वायर हातात घेऊन. या वेळी मोबाइल वाजवावा लागला नाही. एवढ्या गोंधळानंतर गुंड्याच उठला आणि खरोखर रडू लागला.

आजी पाळण्यापासून सर्वांत जवळ होती, आणि तिला ऐकू येत होते. तिचा एक पाय वरच्या पायरीवर पडलादेखील. मग ती थांबली. तिने कठडा धरला, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. वर बाळ रडत होते. तिची बोटे पांढरी पडली. मी निरोप खाली पाठवला होता. पोचला का? मला दिसत नव्हते. मला फक्त आजीचा श्वास ऐकू येत होता.

खाली कुंचला टेबलावर आपटला. दोन-दोन पायऱ्या एकदम घेत आई आली. आजीने भिंतीला अंग चिकटवून तिला वाट दिली.

संध्याकाळी आजी परत गेली. पिशवीतले कपडे तिने पुन्हा कपाटात लावले. तिच्या टीव्हीवर आता काही दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यावर धूळ बसली तरी चालेल, कोपर लागले तरी चालेल. फक्त काही बिघडले की नवीन काही आणायच्या आधी, काय कमी करता येईल ते पाहा. आणि तुमचे माणूस तुमचे ऐकत नसेल, तर आणखी जोरात ओरडण्यापूर्वी त्याच्याभोवती किती गलका आहे ते बघा. मी अजून घाबरतो. रोज दुपारी गुंड्या कुरकुरला की माझा जीव खालच्या खोलीकडे लागतो.

दिवस मावळताना आजीचा निरोप येतो. त्याच्या आत डोकावायची मला मुभा नाही. पण आईला लिहिताना आणि वाचताना मोठ्याने बोलायची सवय आहे, म्हणून ती जिन्यावर बसली की मला ऐकू येते.

"रडला का आज?" ती आजीचे वाचते.

"रडला," ती उत्तर लिहिते. "मी गेले."